एक्केचाळीस नंबरचा फॉर्म

एक्केचाळीस नंबरचा फॉर्म रद्द कर, असं वैजयंती मॅडम बोलल्या तेव्हाच माझं डोकं फिरायला हवं होतं. नाही फिरलं. मी "हो मॅडम" बोलले. सहा वर्षं पीएचडी करणाऱ्या मुलीच्या तोंडून दुसरं काही निघतच नाही. सवयच लागते मेली.

आधी प्रकार काय होता तो सांगते. वैजयंती मॅडम म्हणजे माझ्या गाइड. समाजशास्त्राच्या प्राध्यापक, मूळच्या पुण्याच्या, राहायला नेरूळला बाराव्या मजल्यावर. त्यांचा एक प्रोजेक्ट चालला होता आणि त्यातलं गाढवकाम माझ्याकडे होतं. विषय असा, की चीनमधल्या समाजशास्त्रज्ञांना आपल्या विषयाच्या देशीकरणाबद्दल काय वाटतं. हे शास्त्र आलं युरोप-अमेरिकेतून. त्यातले शब्द तिकडचे, मोजमापं तिकडची. मग चिनी माणसाने चिनी गावाचा अभ्यास करायचा तर तेच शब्द वापरायचे की आपले काढायचे? तिकडे यावरून बरीच वर्षं वाद चाललेत. कोणी बोलतं, आपल्या माणसांना आपल्याच शब्दांत समजून घेऊ. कोणी बोलतं, शास्त्राला कसलं आलंय गाव? कोणाला भीती की या नावाखाली आपण दारं लावून आतच बसू. विषय भारी होता. मला मनापासून आवडला होता, म्हणून तर दीड वर्ष राबले.

आणि आम्ही काय केलं? फॉर्म काढला. छत्तीस प्रश्न, प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे. एक म्हणजे अजिबात पटत नाही, पाच म्हणजे पूर्ण पटतं. 'आपल्या समाजासाठी आपल्या संकल्पना हव्यात', पाचपैकी किती? तो फॉर्म मॅडमनी एका अमेरिकन फॉर्मवरून जसाच्या तसा उचललेला. म्हणजे अमेरिकेची फूटपट्टी घेऊन चिनी लोकांना विचारायचं, की बाबांनो, तुम्हाला परकी फूटपट्टी चालते का! मी एकदा हसत हसत बोलले पण. मॅडम हसल्या नाहीत. "तुलना करता आली पाहिजे ना, जागृती," एवढंच बोलल्या.

एकशे अठरा फॉर्म भरून आले. एकशे सतरा जणांनी आकड्यांना निमूट गोल केले. एक्केचाळीस नंबरवाल्याने एकही गोल केला नाही.

त्यांचं नाव प्राध्यापक शेन. रिटायर झालेले, समुद्राकाठच्या कुठल्याशा गावचे. सगळ्या छत्तीस प्रश्नांवर एकच तिरकी रेघ मारली होती आणि खाली चिनीत लिहिलं होतं. मी त्याचं भाषांतर करून घेतलं. लिहिलं होतं ते असं:

"माझ्या गावात भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा बांध होता. तो राखायला घराघरातून माणूस जायचा. त्या जाण्याला आमच्या बोलीत एक शब्द आहे. तरुणपणी मी त्यावर प्रबंध लिहिला. माझ्या शिक्षकांनी तो शब्द खोडला आणि तिथे एका इंग्रजी शब्दाचं भाषांतर घातलं. मी गप्प बसलो. मला पदवी मिळाली. नंतर तीस वर्षं मी देशीकरणावर भाषणं दिली, पण तो शब्द एकदाही उच्चारला नाही. आता सांगा, याला पाचपैकी किती? तुम्ही विचारता आहात म्हणजे तुमच्याकडेही असा शब्द असणार. काय आहे तो?"

हे वाचलं तेव्हा मी घणसोलीत आमच्या घरी होते. आमचं घर गावठाणात. समोरच्या टॉवरची सावली दुपारी तीनलाच आमच्या ओट्यावर येते. वाचलं आणि परत पहिल्या ओळीपासून वाचलं. कारण माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण तेच होतं. तेच! फक्त खाडी आमची.

आमच्याकडे त्याला जोळ बोलतात. खाडीला लागून भातशेती होती तेव्हाची गोष्ट. बांधाआड ज्यांची शेतं, त्या सगळ्या घरांची जूट म्हणजे जोळ. उधाणाच्या पाण्याने बांध फुटून भोक पडलं की त्याला बोलायचं खांड. खांड पडली की घरटी एक माणूस निघायचा, चिखल आणि पेंढा घेऊन. माझे आजे, देवजी, त्या जोळीचे शेवटचे म्होरके. आता एक्याऐंशी वर्षांचे आहेत. शेतं गेली, तिथे सेक्टर झाले, पण आजाच्या तोंडून जोळ गेली नाही. मला त्याने दोन नियम सांगितले होते, ते मी प्रकरणाच्या सुरुवातीलाच घातले होते. एक, "कोनाचं शेत ते इचारायचं नाय." आणि दुसरा, "खांड बगितली त्यानं तिथंच हाक मारायची. घरी जायाचं नाय आदी."

मी शेन सरांना ईमेल केला. आमचा शब्द जोळ, असं कळवलं. आजाबद्दल लिहिलं, दोन्ही नियम लिहिले. चार ओळींत त्यांचं उत्तर आलं: "तुमच्या आजोबांना माझा नमस्कार सांगा. शब्द सोडू नका."

चार महिन्यांनी, प्रबंध द्यायच्या तोंडावर, मॅडमना हे कळलं तेव्हा त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून घेतलं. माझ्याबरोबर पीएचडी करणारा आशुतोष तिथेच बसला होता, कसलीतरी पत्रं टाइप करत.

"उत्तर देणाऱ्याशी पत्रव्यवहार करतेस? सगळा डेटा बाद होईल. फॉर्म रद्द कर."

"मॅडम, पण सगळ्यात खरं उत्तर त्यांचंच आहे ना?"

"त्यात उत्तर कुठंय? गोल आहे का एक तरी? आकडा नाही म्हणजे उत्तर नाही."

बोलले ना मी, "हो मॅडम". मग त्यांनी माझं चौथं प्रकरण पुढे ओढलं. पहिल्याच पानावर लाल पेनाने जोळ या शब्दाला काट मारलेली.

"आणि हे पण बदलायचं. 'सोशल कॅपिटल' वापर, सामाजिक भांडवल. सरळ, सगळ्यांना कळेल असं. परदेशी परीक्षकाने 'जोळ' वाचून काय समजायचं?"

"मी समजावलंय मॅडम. तीन पानं त्याच्यावरच आहेत."

"अगं, तो स्थानिक शब्द आहे, संकल्पना नाही. तळटीपेत पण नको, उगाच लक्ष तिकडे जातं. आणि आजोबांचं नाव कशाला? 'माहितीदार, पुरुष, वय ८१, निरक्षर' असं लिहायचं. पद्धत असते. सोमवारी तुझं रजिस्ट्रेशन संपतंय. शुक्रवारी बदललेलं आण, मी सही करते. नाहीतर मग तुझं तू बघ."

एवढं स्वच्छ सांगितलं. शब्द ठेवला तर सही नाही, सही नाही तर सहा वर्षं पाण्यात, आणि कॉलेजात तासिकेवर शिकवायला जाते तेही बंद. बाहेर आल्यावर आशुतोष माझ्या मागे जिन्यापर्यंत आला. "सरळ सरळ दादागिरी आहे यार," तो बोलला. "मी ऐकलंय सगळं. काही लागलं तर सांग, मी तुझ्या बाजूने आहे, शंभर टक्के." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणीच आलं.

आणि मी बदललं. सांगायला लाज वाटते, पण बदललं. तेवीस ठिकाणी जोळ होती, तेवीस ठिकाणी सोशल कॅपिटल बसवलं. कॉम्प्युटरला अर्धा सेकंद लागला. देवजीचा माहितीदार झाला, निरक्षर झाला. माझा आजा सहा महिन्यांचं भरती-ओहोटीचं गणित बोटांवर सांगतो आणि मी त्याला निरक्षर लिहिलं! शुक्रवारी सकाळी मॅडमनी सही केली. "शहाणी मुलगी," असंसुद्धा बोलल्या.

संध्याकाळी आजाने विचारलं, "जालं का गो बुक? वाच बगू आमची जोळ." मला टाळता आलं नाही. मी इंग्रजीतलं मराठी करून वाचत गेले. परस्पर विश्वासाचं जाळं, सामूहिक संसाधन, सभासदांचा सहभाग. आजा खाटेवर बसून कान देऊन ऐकत होता. दोन पानं झाल्यावर त्याने हात वर केला.

"बरा हाय," तो बोलला. "पन हा कंच्या गावाचा?"

मी लॅपटॉप बंद केला आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. किती वेळ धूत होते कोण जाणे. आईने बाहेरून दार वाजवलं.

शनिवारी सकाळी ऑनलाइन परिषद होती. चीनमधले वीसेक प्राध्यापक, आपल्याकडचे तेवढेच, आशुतोषही जोडलेला, मॅडमचं भाषण मुख्य. स्लाइड सरकवायचं काम अर्थात माझं. घरात एकच टेबल, ते आजाच्या खाटेजवळ. मी आवाज थोडा मोठाच ठेवला होता, आजाला आवडतं म्हणून. त्याला इंग्रजी कळत नाही, पण नात कामावर बसली की तो शर्टाची बटणं लावून शेजारी बसतो.

मॅडम छान बोलल्या. बोलतातच त्या छान. एकशे सतरा उत्तरं, बासष्ट टक्क्यांचा देशीकरणाला पाठिंबा, वयानुसार असं, विद्यापीठानुसार तसं. मी स्लाइड सरकवत होते. शेन सरांचा चेहरा वरच्या ओळीत दिसत होता. पिकलेले केस, जाड चष्मा, मागे भिंतीवर कॅलेंडर. एकशे सतरा हा आकडा आला तेव्हा ते पुढे झुकले आणि परत मागे टेकले.

भाषण संपलं. तिकडच्या अध्यक्षबाईंनी प्रश्न विचारला. दुभाष्याने त्याचं इंग्रजी केलं: "आमच्याबद्दल तुम्ही खूप सांगितलंत. तुमचं काय? तुमच्या मातीतली कुठली संकल्पना तुम्ही वापरता?"

मॅडम पाणी प्यायल्या. आणि हसून बोलल्या, "जोळ."

माझ्या हातातला माऊस तसाच राहिला.

"गेली काही वर्षं मी या संकल्पनेवर काम करते आहे," मॅडम सांगत होत्या. "आमच्या किनाऱ्यावर बांध फुटला की प्रत्येक घरातून एक माणूस निघतो. एका वृद्ध शेतकऱ्याने मला सांगितलं, शेत कोणाचं ते विचारायचं नाही. पाश्चात्त्य 'सोशल कॅपिटल'मध्ये हे मावत नाही. आपण आपले शब्द जपले पाहिजेत." तिकडे लोक टाळ्यांची चित्रं पाठवायला लागले. कोणीतरी लिहिलं, फारच सुंदर.

मावत नाही! कालच्या शुक्रवारी मावत होतं, चोवीस तासांत मावेनासं झालं. आणि त्यांना सांगितलं म्हणे! त्या आजाला एकदाच भेटल्यात. आमच्या घरी आल्या, तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खाल्ली, "किती ऑथेंटिक" बोलल्या, वीस मिनिटांत निघाल्या. जोळीचं अक्षरही विचारलं नव्हतं. माझ्याच प्रकरणातलं, त्यांनीच काट मारलेलं पहिलं वाक्य त्या इंग्रजीत वाचत होत्या.

आणि शेजारी आजा! आजाचा चेहरा फुलला होता.

"जोळ बोल्ली ना ती?" त्याने माझा दंड धरला. "तुजी मॅडम बोल्ली ना? बाय, चीनवाल्यांना सांगते ती आपली जोळ? बरी हाय गो बाई. मी उगीच तिला नावा ठेवली."

"आजा..."

"तुज्या बुकात पन हाय ना अशीच? काल कायतरी दुसराच वाचलास तू."

"नाय, आजा." "माझ्या बुकातनं तिनेच काढायला लावली. नाव पण. तुझं पण नाव काढलं. नाहीतर सही देत नव्हती. आणि आता तीच सांगते, माझी आहे म्हणून."

आजाने माझा दंड सोडला. मग त्याच्या कपाळावर तीच आठी आली, जी शेतांचा विषय निघाला की येते.

"मंग तू गप का?"

"सोमवारी बुक द्यायचं हाय. बोलले तर सही जाईल."

"खांड डोल्यांनी बगतेस," आजा बोलला, "आनि घरी जातेस?"

ओरडला नाही तो. साध्या आवाजात बोलला. मी माइक चालू केला.

"एक मिनिट," मी इंग्रजीत बोलले. "माझं नाव जागृती. मी स्लाइड सरकवणारी. जोळ हा शब्द माझ्या प्रबंधातला आहे. याच आठवड्यात मॅडमनी मला तो तेवीस ठिकाणांहून काढायला लावला आणि सोशल कॅपिटल घालायला लावलं. तो संकल्पना नाही, असं त्यांनी मला सांगितलं. ज्या वृद्ध शेतकऱ्याचं वाक्य आता त्यांनी सांगितलं, त्यांचं नाव देवजी. ते माझे आजोबा आहेत आणि ते इथे माझ्या शेजारी बसलेत. आणि फॉर्म एकशे सतरा नव्हते, एकशे अठरा होते. एक आम्ही फेकला, कारण त्यात आकडा नव्हता. हे सगळं झालं तेव्हा मॅडमचा दुसरा विद्यार्थी आशुतोष केबिनमध्येच होता. तो आता इथे आहे. त्याला विचारा."

त्रेचाळीस चौकोन. एकही हलला नाही. मॅडमच्या चेहऱ्यावर हसू तसंच होतं, फक्त डोळे खाली गेले, टाइप करायला. "माझी विद्यार्थिनी सध्या फार ताणाखाली आहे," त्या सगळ्यांना बोलल्या, अगदी मायेने. त्याच वेळी माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात त्यांचा मेसेज आला, फक्त मला दिसणारा: 'सोमवारी येऊ नकोस. सही मी मागे घेते आहे.'

गेली. सहा वर्षं गेली. वाटलं होतं रडू येईल, पण रागच एवढा होता की रडायला जागा नव्हती.

मग वरच्या ओळीतला एक माइक चालू झाला. शेन सर. ते दुभाष्यासाठी न थांबता तुटक्या इंग्रजीत बोलले. "या मुलीने चार महिन्यांपूर्वी मला पत्र लिहिलं. त्यात हा शब्द आहे. आजोबांचं नाव आहे. तारीख आहे. मी दाखवतो." आणि त्यांनी खरंच छापलेला कागद कॅमेऱ्यासमोर धरला, उलटा. मग सुलटा केला. "फेकलेला फॉर्म माझा. मी तरुण होतो तेव्हा गप्प बसलो. ही बसली नाही."

अध्यक्षबाईंनी घाईघाईने चहाची सुट्टी जाहीर केली. मॅडम बाहेर पडल्या. बाकीचे चौकोन तसेच राहिले, माइक बंद, चेहरे इकडेतिकडे. मी तेवढ्यात चौथं प्रकरण उघडलं आणि जोळ परत घातली. तेवीस ठिकाणी, या वेळी हाताने, एकेक करून. निरक्षर खोडलं आणि देवजी लिहिलं. सही नाही तर नाही. सोमवारी हेच घेऊन दारात उभी राहणार, घेऊ देत नाहीतर फेकू देत.

आजा काठीवर हनुवटी टेकून बघत होता.

"आलं का कोन?" त्याने विचारलं.

"एक जण आला."

"कंच्या घरचा?"

"चीनचा आहे, आजा. तुझ्यासारखाच म्हातारा. त्याच्या गावात पण बांध होता."

"लांबनं आला." आजाने त्या अनोळखी माणसासाठी मान हलवली. मग स्क्रीनकडे बोट केलं. "आनि आपला? तो पोरगा, तू नाव घेतलंस तो?"

मी बघितलं. आशुतोषने कॅमेरा बंद केला होता. काळ्या चौकोनात पांढऱ्या अक्षरात फक्त त्याचं नाव होतं.

"हा काय," मी आजाला दाखवलं. "इथंच आहे तो."

आजा वाकून, डोळे बारीक करून त्या काळ्या चौकोनात माणूस शोधत राहिला.